अल्कचा झोका, पानाचा चुना आणि डिसेंबरची भारतवारी

गेल्या अंकात घरच्या रीफ टँकवर, म्हणजे मिठाच्या पाण्यात कोरल वाढवायच्या टँकवर, लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं की स्टोनी कोरलबद्दल, म्हणजे दगडासारखा सांगाडा बांधणाऱ्या कोरलबद्दल, काही विचारायचं असेल तर विचारा, तर इनबॉक्स भरून वाहायला लागला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सात प्रश्न घेतलेत. मी न्यू जर्सीत राहतो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करतो, बायोलॉजिस्ट वगैरे नाही, अकरा वर्षं टँक आहे आणि जे काही कळतं ते कोरल मारून मारूनच कळलंय, हे आधीच सांगून ठेवतो.

नवीन वाचकांसाठी एवढंच, की बारीक पॉलिपवाल्या (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव) स्टोनी कोरलना आम्ही एसपीएस म्हणतो, म्हणजे ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा, बर्ड्सनेस्ट. मोठ्या मांसल पॉलिपवाल्या त्या एलपीएस, म्हणजे टॉर्च, हॅमर, डंकन. ही विभागणी हौशी लोकांची आहे, शास्त्रज्ञ असं काही म्हणत नाहीत, पण दुकानात याच नावांनी मिळतात.

प्रश्न – ७५ गॅलनचा टँक आहे, दीड वर्ष झालं. तीन ॲक्रोपोरा आहेत, त्यातलं एक बुडापासून पांढरं पडायला लागलंय आणि रोज थोडं थोडं वर चढतंय. मी दर रविवारी सगळ्या टेस्ट करते, अल्कलिनिटी कमी दिसली की पावडर घालून परत जागेवर आणते. कॅल्शियम ४००च्या आसपास, मॅग्नेशियम १३५०, सॅलिनिटी ३५. सगळं बरोबर आहे मग हे काय चाललंय? वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत. – अ. जे., नेपरविल

उत्तर – ताई, वहीबद्दल आधी थँक्यू, दहातले नऊ जण 'सगळं नॉर्मल आहे' एवढंच लिहितात. आणि तुमचं उत्तर वहीतच आहे. दर रविवारी सकाळी अल्क (अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, तो डीकेएचमध्ये मोजतात) ६.२, ६.४, ६.१ असे आकडे आणि समोर तुमच्याच अक्षरात 'पावडर घातली, संध्याकाळी १०.४'. म्हणजे तुमचा ॲक्रोपोरा दर आठवड्याला १०.४वरून ६.२पर्यंत घसरतो आणि मग एका दुपारीत परत वर फेकला जातो. गेले तीन महिने त्याला तुम्ही झोक्यावर बसवलंय.

आता हे कॅल्शियममध्ये का दिसत नाही ते बघा, कारण इथेच सगळे फसतात. कोरल सांगाडा बांधतं तो कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्यात दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणात लागतात, १ डीकेएच अल्क संपली की साधारण ७ पीपीएम कॅल्शियम संपतं. तुमची आठवड्याला ४.२ डीकेएच संपते, म्हणजे कॅल्शियम गेलं ३० पीपीएम. ४२०चं ३९० झालं तर तुम्ही म्हणणार ठीक आहे, टेस्ट किटचाच तेवढा फरक असतो. पण १०.४मधले ४.२ म्हणजे चाळीस टक्के गेले की! पाण्यात कॅल्शियमचा साठा कोठारभर असतो आणि अल्कचा डबाभर, म्हणून डबा आधी रिकामा होतो. अल्क रोज बघायची, कॅल्शियम आठवड्याला, मॅग्नेशियम महिन्याला बघितलं तरी चालतं.

करायचं काय, तर ४.२ भागिले ७, दिवसाला ०.६ डीकेएच. टँक ७५ गॅलनचा म्हणजे २८४ लिटर, पण दगड आणि वाळूची जागा वजा केली तर खरं पाणी २५०च्या आसपास धरा. साधा खाण्याचा सोडा, म्हणजे बेकिंग सोडा, १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की अल्क १ डीकेएचने वाढते. तुम्हाला रोज साडेचार ग्रॅम लागेल. आरओडीआयच्या, म्हणजे फिल्टरने क्षार काढलेल्या, पाण्यात विरघळवून, पंपाच्या तोंडाशी, हळूहळू, आणि जमलं तर सकाळी अर्धा संध्याकाळी अर्धा. बेकिंग पावडर नाही हां, सोडा. माझ्या ओळखीच्या एकाने पावडर घातली होती, त्यात कॉर्नस्टार्च असतो, पुढचं सांगत नाही. दोन-तीन आठवडे असं हाताने करून आकडा स्थिर राहिला की मग डोसर, म्हणजे ठरलेलं माप आपोआप घालणारं मशीन, घ्या, आधी नको, कारण मशीनला चुकीचा आकडा दिला तर ते तो इमानेइतबारे रोज घालत बसतं. आणि सोड्याबरोबर कॅल्शियम क्लोराइडही त्याच मापात लागणार, दिवसाला ४ पीपीएम, ते विसरू नका.

कुठल्या आकड्यावर ठेवायची हे तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. समुद्रात ७ असते. टँकवाले ८ ते ९ ठेवतात. मी ८ ठेवतो, शेजारच्या गावातला एक मित्र ९.५ ठेवतो आणि त्याचे ॲक्रोपोरा माझ्यापेक्षा चांगले आहेत, त्यामुळे आकड्यावरून भांडण्यात अर्थ नाही, तो हलू देऊ नका म्हणजे झालं. आत्ता तुमची ६.२ असेल तर एकदम ८वर नेऊ नका, दिवसाला अर्ध्या डीकेएचच्या वर चढवायची नाही.

आणि जे पांढरं झालंय ते परत रंगणार नाही, तो नुसता सांगाडा आहे. पांढऱ्या-रंगीत सीमेपासून बोटभर वर, जिथे कातडी धड आहे तिथून फांदी कापा, सुपरग्लूचा जेल लावून नव्या प्लगवर (कोरल चिकटवायची छोटी बैठक) चिकटवा. दोन-तीन तुकडे करा, सगळी अंडी एका टोपलीत नकोत. कापताना 'टक्' असा सुपारी फुटल्यासारखा आवाज येतो, घाबरू नका.

प्रश्न – तुम्ही कालकवॉसर वापरता असं लिहिलं होतं. ते म्हणजे चुन्याची निवळीच ना? मग आमच्याकडे पानाचा चुना आहे तो चालेल का? – स. रा., शारजा

उत्तर – अगदी बरोबर ओळखलंत, जर्मन नाव ऐकून लोक बिचकतात पण ती चुन्याची निवळीच, आजी कोहळा ज्यात भिजवायची तीच. कॅल्शियम हायड्रॉक्साइड. एकाच वेळी कॅल्शियम आणि अल्क दोन्ही देते आणि तेही कोरलला लागतं त्याच प्रमाणात, शिवाय पीएच वर राहतो, इतकी स्वस्त आणि मस्त गोष्ट या छंदात दुसरी नाही.

पण पानाचा नको. तो कशापासून भाजलाय, त्यात काय काय मिसळलंय काही पत्ता नसतो. आणि बांधकामाच्या दुकानातला कळीचा चुना तर अजिबात नको, तो पाण्यात पडला की उकळी फुटल्यासारखा तापतो. रीफवाल्या कंपन्यांचा डबा मिळतो तो घ्या. इथे अमेरिकेत लोणच्याचा चुना म्हणून खाद्य प्रतीचा मिळतो, मी तोच आणतो.

लिटरला जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो, जास्त घातला तर खाली साका बसतो. एक ढवळ द्यायचा, झाकण लावायचं, साका बसू द्यायचा, वरची नितळ निवळी वापरायची. झाकण का, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की वर दुधावर यावी तशी साय धरते, ती साय म्हणजे तुमचा वाया गेलेला चुना. आता हिशोब: २५० लिटर पाण्याच्या टँकमधून दिवसाला ३ लिटर उडत असेल आणि ते सगळं तुम्ही पूर्ण ताकदीच्या निवळीने भरून काढलंत तर अल्क दिवसाला सव्वा डीकेएचच्या वर चढते. दोन-चार कोरल असलेल्या टँकला हे फार झालं. पाव ताकदीने सुरू करा, टेस्ट करत करत वाढवा.

आणि आता माझी गोष्ट. माझी निवळी एटीओमधून जायची, म्हणजे पाणी उडालं की सेन्सर पंपाला सांगतो आणि पंप आपोआप भर घालतो. एका रात्री सम्पमधली (टँकखालच्या जोडटाकीतली) एक गोगलगाय चढून सेन्सरवर बसली. सेन्सरला वाटलं पाणी अजून कमीच आहे, पंप चालूच, आणि निवळीचा पीएच १२च्या वर असतो. पहाटे पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये टँक नाही, दुधाचा कॅन उभा. आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नळ्या उपटल्या, पीएच उतरवायला व्हिनेगर थोडं थोडं घातलं, तयार ठेवलेलं सगळं मिठाचं पाणी बदललं, पण सकाळपर्यंत बर्ड्सनेस्ट गेलं, दोन मासे गेले, ॲक्रोपोरा आठ दिवस अंग झाडत गेले. गोगलगाय टुणटुणीत होती. तेव्हापासून निवळी टायमरवरच्या डोसिंग पंपाने जाते, एटीओने फक्त साधं पाणी, आणि निवळीच्या डब्यात एका दिवसापुरतंच भरतो. महिनाभराचं भरून ठेवायचा आळस केलात तर महिनाभराचं एका रात्रीत आत जाऊ शकतं.

प्रश्न – मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळं हेच का? सासूबाई विचारतायत. – मृ., टोरांटो

उत्तर – नाही. अंगठीतलं लाल पोवळं निराळ्या घराण्यातलं, मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, खोल अंधाऱ्या पाण्यात वाढणारं, त्याच्या अंगात शेवाळ नसतं म्हणून त्याला उजेडही लागत नाही. आपल्या टँकमधल्या स्टोनी कोरलच्या मांसात बारीक शेवाळ राहतं आणि तेच उन्हावर स्वयंपाक करून मालकाला जेवू घालतं. सासूबाईंना सांगा टँकमधला तुकडा बोटात घालू नका, खरचटेल.

प्रश्न – पुण्यात गोड्या पाण्याचा प्लँटेड टँक आहे, आता रीफ करायचाय. एकजण म्हणतोय ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा काय पाहिजे ते आणून देतो, पेपरबिपर काही लागत नाही. लाइट कुठली घेऊ? – नि. कु., पुणे

उत्तर – दादा, लाइट घेऊ नका. पेपर लागत नाही असं नाही, पेपर मिळूच शकत नाही असं आहे. २००१ साली सगळी स्टोनी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १मध्ये टाकलीत, म्हणजे कायद्याने वाघ ज्या रांगेत उभा आहे त्याच रांगेत तुमचा मॉन्टिपोरा. त्यांच्याबरोबर सी फॅन, काळं पोवळं, ऑर्गन पाइप कोरल आणि फायर कोरलही आहेत. शिक्षा किमान ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते. मेलेला वाळलेला तुकडाही यात येतो, त्यामुळे किनाऱ्यावर सापडला म्हणून उचलून शोकेसमध्ये ठेवायचा नाही. तो माणूस कोरल देऊन निघून जाईल, घरात तुमच्या राहणार. इथे अमेरिकेत आम्ही ठेवतो ते बहुतेक टँकमध्ये वाढवलेल्या कोरलच्या फांद्या, जास्वंदीची फांदी शेजारणीकडून आणावी तसं एकमेकांकडून आणतो, आणि इथेसुद्धा फ्लोरिडाच्या किंवा हवाईच्या समुद्रातून तोडायला बंदीच आहे.

मिठाच्या पाण्याचीच हौस असेल तर नुसत्या माशांचा टँक करा, तो काही सोपा नसतो, हात बसायला वर्ष जातं. आणि कोरल बघायचीच असतील तर तुमच्या हातात आमच्यापेक्षा भारी गोष्ट आहे, मालवणला जा ना. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवती खडकांवर आहेत, १९८७पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पाऊस उतरल्यावर, पाणी नितळ असताना जा, आणि स्नॉर्केलिंग करताना दमलात म्हणून खडकावर उभे राहू नका, बहुतेक वेळा तो खडक नसतो. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक म्हणून बुडालेलं पठार आहे, त्यावर अख्खी रीफ आहे. आंग्र्यांच्या नावाची रीफ, आणि आपल्यातल्या किती जणांनी नाव ऐकलंय? असो.

प्रश्न – टॉर्च कोरलच्या एका डोक्यावर तपकिरी बुळबुळीत काहीतरी आलंय आणि घाण वास येतोय. शेजारी हॅमर आहे. दोघांना खायला काय घालू म्हणजे ताकद येईल? – प्रा. दे., फ्रीमाँट

उत्तर – खायला काही घालू नका, हे वाचताय तिथून उठून आधी पंप बंद करा. याला ब्राउन जेली म्हणतात. पातळ पिठलं सांडल्यासारखं दिसतं, हलवलं की सुटून उडतं, आणि उडून दुसऱ्या डोक्यावर बसलं की तेही गेलं. म्हणून टँकमध्ये असताना त्यावर फुंकर, पिचकारी काही नाही. बारीक नळीने सायफन करून ते बादलीत ओढून घ्या, मग अख्खं कोरल अलगद एका भांड्यात टँकच्याच पाण्यात बाहेर काढा. आजारी डोकं खालच्या सांगाड्यापासून तोडून फेका, त्याची माया नको. उरलेल्याला आयोडीनच्या डिपमध्ये, म्हणजे औषधी द्रावणात, बुडवा, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ, आणि दुसरा टँक असेल तर आठवडाभर तिकडे ठेवा. डिपचं पाणी परत टँकमध्ये ओतू नका, हे लिहावं लागतंय कारण मी ओतलं होतं.

हॅमर किती शेजारी आहे? टॉर्चचे हात लांब आणि विखारी, रात्री अजून लांबतात. वीतभर अंतर ठेवा. हॅमर आणि फ्रॉगस्पॉनचं (हीसुद्धा एक एलपीएस) आपसात जमतं, टॉर्चचं त्यांच्याशी जमत नाही. डंखाची जखम असेल तर जेली तिथूनच सुरू होते असं माझं निरीक्षण.

खाणं नंतर. बरं झाल्यावर आठवड्यातून दोनदा फ्रोझन मायसिसचे (कोळंबीसारखे बारीक जीव) दोन-चार दाणे प्रत्येक डोक्यावर, पंप बंद करून, पिचकारीने. हात हळूच मिटून घास तोंडाशी नेतं ते बघायला माझी आई इथे आली की खुर्ची ओढून बसते, आणि मग रोज भरवायला मागते. रोज नको.

प्रश्न – नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, एवढं स्वच्छ पाणी असून मॉन्टिपोरा फिकट का पडतोय? – वि. गो., डॅलस

उत्तर – म्हणूनच. उपाशी आहे तो. नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास येऊ द्या, माशांना खायला वाढवा, फॉस्फेट खाणारी मीडिया काढून ठेवा. शून्यावर राहिलात तर डायनो नावाचा तपकिरी शेंबूड वाळूवर येईल आणि तो घालवायला सहा महिने जातील. पाणी स्वच्छ करायचं वेड आपल्याला गोड्या पाण्याच्या टँकने लावलंय.

प्रश्न – डिसेंबरमध्ये पाच आठवडे भारतात जायचंय, भावाचं लग्न. टँकचं काय करू? विकून टाकू का? – श्री. व हौ. स., एडिसन

उत्तर – अहो, विकता कसले, लग्नाला जा निवांत. मी दर दोन वर्षांनी जातो. फक्त तयारी जायच्या आदल्या रात्री करायची नाही, महिनाभर आधी करायची.

जायच्या आधीचे पंधरा दिवस नवीन काही म्हणजे काही करायचं नाही. नवं कोरल नाही, नवा मासा नाही, लाइट वाढवणं नाही. माणूस नेमका जायच्या आधी 'आता नीट साफ करून जाऊ' म्हणून सगळं उपसतो आणि विमानात बसल्यावर टँक कोसळतो.

पाणी उडतं, मीठ उडत नाही, मिठागराचं जे तत्त्व तेच. त्यामुळे एटीओमध्ये आरओडीआयचं पाणीच हवं, आणि शेजारच्याला समजावून सांगा की कमी झालं तर या निळ्या कॅनमधलंच ओतायचं. माझ्या शेजाऱ्याने प्रेमापोटी मिठाचं पाणी ओतलं होतं, 'समुद्र आहे ना तो' म्हणून. चूक त्याची नाही, कॅनवर मी काही लिहिलंच नव्हतं. आता मोठ्या अक्षरात चिकटवतो.

माशांचं खाणं वारांच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवा, आजोबांची असते ना सोम-मंगळ-बुधवाली, तशा पाच डब्या. अख्खा डबा शेजाऱ्याकडे दिला की तो मूठभर घालणारच, त्याला मासे उपाशी दिसतात.

हीटर एक मोठा असेल तर काढून दोन छोटे लावा आणि दोन्ही कंट्रोलरवर. हीटर बंद पडला तर शेजाऱ्याला कळेपर्यंत वेळ मिळतो, पण चालूच अडकला तर एका रात्रीत रस्सा होतो, दोन छोट्यांपैकी एक अडकला तर तेवढं तापत नाही. तापमान २५-२६. आणि आपल्याकडे न्यू जर्सीत हिवाळी वादळात लाइट जाते, त्यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप लावून ठेवा, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा. लाइट गेल्यावर आधी मरतं ते ऑक्सिजनवाचून, थंडीने नंतर.

डोसरच्या बाटल्या चाळीस दिवसांच्या हिशोबाने भरा, पस्तीसच्या नाही, फ्लाइट चुकते, व्हिसा स्टँपिंग लांबतं. निवळी मात्र बंद ठेवून जा, तेवढे दिवस सोडा-कॅल्शियमवर चालवा, गोगलगायीची गोष्ट वर वाचलीच आहे.

एक साधा कॅमेरा टँकसमोर लावा, पण लग्नाच्या मांडवात बसून दर पाच मिनिटांनी बघू नका, मी बघत होतो, हळदीच्या फोटोत माझी मान खाली आहे. शेजाऱ्याला दोनच सूचना: जमिनीवर पाणी दिसलं तर रात्री तीनला पण फोन कर, टँकच्या आत काही विचित्र दिसलं तर फोटो पाठव आणि हात घालू नकोस.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना टँक किती लिटरचा, किती जुना, अल्कचे निदान सात दिवसांचे आकडे आणि टेस्ट कुठल्या किटने केली एवढं लिहा. आणि फोटो निळ्या लाइटखाली काढू नका, पांढरी लावून काढा, निळ्यात सगळंच चमकतं आणि कुठे पांढरं पडलंय ते मला इथून दिसत नाही.